‘झाडाविना कागद’ : प्रदर्शनातील एका प्रयोगाची चिकित्सा

शालेय विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून जाण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे येत आहे. या प्रदर्शनांत एक प्रयोग हटकून भेटतो. टेबलावर केळीच्या खांबाचे तुकडे, नाहीतर भाताचा पेंढा किंवा उसाची चिपाडे ठेवलेली असतात. शेजारी पातेल्यात लगदा, लाकडी चौकटीला ठोकलेली जाळी आणि वाळलेले पाच-सहा जाडसर कागद असतात. मागच्या फलकावर ‘झाडे वाचवा – टाकाऊतून टिकाऊ कागद’ असे लिहिलेले असते. मुले पाठ केलेली माहिती घडाघडा सांगतात. एक टन कागदासाठी १७ झाडे तोडावी लागतात, आमच्या कागदासाठी एकही झाड तोडावे लागत नाही, म्हणून हा कागद पर्यावरणस्नेही आहे. या प्रयोगाला बहुधा बक्षीसही मिळते. मीही ते दिलेले आहे.

एका प्रदर्शनात अशा केळीच्या कागदाचा एक तुकडा मी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. त्यात काळे ठिपके दिसले. भिंगातून पाहिल्यावर एक ठिपका म्हणजे छापील ‘र’चा अर्धा भाग आहे हे कळले. विचारल्यावर मुलांनी मोकळेपणाने सांगितले की नुसत्या केळीचा कागद जाळीवरून सुटेना, फाटत होता, म्हणून निम्मे वर्तमानपत्र भिजवून घातले. फलकावर मात्र त्याचा उल्लेख नव्हता. मुलांनी लबाडी केली असे मला वाटत नाही. नुसत्या केळीचा कागद का फाटतो, हा त्या प्रयोगातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न त्यांना भेटला होता. तो प्रश्न आहे हेच त्यांना कोणी सांगितले नव्हते, इतकेच.

हा लेख त्या प्रयोगाविरुद्ध नाही. प्रयोग चांगला आहे. तक्रार आहे ती आपण त्याला चिकटवलेल्या निष्कर्षाविषयी आणि त्या निष्कर्षाच्या घाईत हरवणाऱ्या विज्ञानाविषयी.

लाकूड उशिरा आले

पहिली चूक इतिहासाची आहे. ‘झाडाविना कागद’ हा नवा शोध म्हणून मांडला जातो. वस्तुतः कागदाच्या इतिहासाचा बहुतेक काळ लाकडाविनाच गेला आहे. चीनमध्ये इ. स. १०५ च्या सुमारास त्साय लुन या दरबारी अधिकाऱ्याने कागद करण्याची जी रीत नोंदवली, तिच्यात तुतीची साल, अंबाडीसारखे तंतू, चिंध्या आणि मासे धरण्याची जुनी जाळी वापरली होती. युरोपात शेकडो वर्षे कागद झाला तो जवस आणि कापसाच्या चिंध्यांचा. आपल्याकडे जुन्नरला आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात कागदी लोक तागाचे जुने दोर, गोणपाट आणि रद्दी चुन्यात मुरवून, कुटून कागद करीत. मग त्याला खळ देत आणि गुळगुळीत दगडाने घोटत.

लाकूड आले ते चिंध्या पुरेनाशा झाल्यावर. १८०० साली लंडनमध्ये मॅथियास कूप्स याने गवताच्या काडापासून केलेल्या कागदावर एक पुस्तक छापले. त्याने मोठी गिरणीही काढली. पण ती थोड्याच काळात बुडाली. १८४० च्या दशकात जर्मनीत केलर आणि कॅनडात फेनर्टी यांनी एकमेकांना न कळत लाकूड घासून लगदा करण्याची रीत काढली. त्यानंतर लाकूड रसायनांत शिजवण्याच्या पद्धती आल्या आणि शतक संपेपर्यंत लाकडाने बाजार जिंकला.

मुलांपुढे हा इतिहास ठेवला तर प्रश्नच बदलतो. झाडाशिवाय कागद होऊ शकतो का, हे विचारण्यात अर्थ राहत नाही, कारण तो पूर्वीपासून होतोच आहे. मग झाडाशिवायचा कागद मागे का पडला, हा खरा प्रश्न पुढे येतो. त्याचे उत्तर तंतूत, रसायनांत आणि शेतीच्या हंगामात आहे.

कागद का धरतो, का फाटतो

वनस्पतीच्या तंतूंच्या भिंती मुख्यतः सेल्युलोजच्या असतात. त्यांना एकमेकांशी जखडून ठेवणारा, गोंदासारखा पदार्थ म्हणजे लिग्निन. अल्कलीत शिजवल्यावर लिग्निन विरघळते आणि तंतू सुटे होतात. हे तंतू पाण्यात कालवून जाळीवर पसरले की पाणी खाली गळते आणि तंतू एकमेकांवर आडवेतिडवे बसतात. वाळताना ते जवळ ओढले जातात आणि त्यांच्या पृष्ठभागांवरील हायड्रॉक्सिल गटांमध्ये हायड्रोजन बंध तयार होतात. कागदाला धरून ठेवणारे बंध हेच. म्हणूनच कागद पाण्यात टाकला की पुन्हा सुटा होतो.

आता तंतूंची लांबी पाहू. पाइनसारख्या सूचिपर्णी वृक्षाचा तंतू साधारण ३ मिलिमीटर लांब असतो, निलगिरीसारख्या रुंदपर्णी वृक्षाचा सुमारे १ मिलिमीटर. गव्हाच्या काडाचे आणि उसाच्या चिपाडाचे तंतू रुंदपर्णी वृक्षाच्या जवळपास येतात. भाताच्या पेंढ्याचे त्याहूनही आखूड असतात. कापसाचा तंतू दोन सेंटिमीटर किंवा अधिक लांब असतो आणि त्यात लिग्निन जवळजवळ नसते. म्हणून चिंध्यांचा हातकागद मजबूत असतो. १९४० साली पुण्यात सुरू झालेल्या हातकागद संस्थेपासून आजच्या बहुतेक हातकागद केंद्रांपर्यंत होजिअरीची कापडी कात्रणे हा मुख्य कच्चा माल राहिला, त्याचे कारण हेच आहे.

केळीचा तंतू चांगला लांब असतो. मग त्या मुलांचा कागद का फाटला? कारण त्यांनी तंतू सुटे न करता पूर्ण खांबच शिजवून वाटला होता. खांबात तंतूंपेक्षा मऊ गराच्या पेशी कितीतरी जास्त असतात. या पेशी जाळीची छिद्रे बुजवतात, पाणी गळू देत नाहीत, आणि वाळल्यावर कागद ठिसूळ करतात. उसाच्या चिपाडातही असाच गर असतो. त्याचे प्रमाण वजनाच्या साधारण ३० टक्के भरते. चिपाडापासून कागद करणाऱ्या गिरण्यांना तो आधी वेगळा काढावा लागतो. म्हणजे शाळेतल्या पातेल्यात आलेली अडचण आणि गिरणीतली अडचण एकच आहे. हे मुलांना सांगायचे सोडून आपण त्यात वर्तमानपत्र मिसळतो!

पातेल्याचा हिशेब

दुसरी उणीव हिशेबाची. या प्रयोगात किती घातले आणि किती निघाले, याची नोंद मी फार क्वचित पाहिली आहे. एक उदाहरण घेऊ. समजा, १० किलो केळीचा खांब घेतला. त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असते. कोरडा पदार्थ ८०० ग्रॅम धरू. शिजवून, धुऊन त्याचा ४० टक्के लगदा हाती आला असे मानले, तर तो ३२० ग्रॅम होतो. आपण नेहमी वापरतो तो ए-४ आकाराचा कागद साधारण ५ ग्रॅमचा असतो. म्हणजे १० किलो खांबातून ६४ कागद निघाले. दोनशे पानांची एक मोठी वहीसुद्धा त्यात पुरी होत नाही.

उरलेले ४८० ग्रॅम कोठे गेले? ते धुण्याच्या पाण्यातून गेले. शिजवताना कोरड्या वजनाच्या १५ टक्के कॉस्टिक सोडा वापरला असेल, तर आणखी १२० ग्रॅम त्यात मिळवा. म्हणजे ३२० ग्रॅम कागदामागे ६०० ग्रॅम पदार्थ मोरीत गेला. शिवाय दोन-तीन तास गॅस जळला, तो निराळाच. ‘पर्यावरणस्नेही’ हा शब्द फलकावर लिहिण्यापूर्वी हा हिशेब फलकावर यायला हवा.

लाकूड शिजवतानाही निम्म्याहून अधिक वजन विरघळून जाते, हे खरे. पण मोठ्या गिरण्यांत तो काळा द्राव फेकून देत नाहीत. तो आटवून घट्ट करतात आणि खास भट्टीत जाळतात. लिग्निनसारखे सेंद्रिय पदार्थ जळून वाफ मिळते. खाली उरलेल्या क्षारांवर चुन्याची प्रक्रिया करून कॉस्टिक सोडा पुन्हा मिळवतात. चांगल्या गिरणीत रसायनांचा फार मोठा भाग असा परत येतो. गिरणीचे अर्थशास्त्र आणि जवळच्या नदीचे आरोग्य या दोन्ही गोष्टी या एका टप्प्यावर अवलंबून असतात.

नदीपर्यंत पोचलेला प्रश्न

हाच टप्पा पेंढ्याच्या आणि काडाच्या बाबतीत अडतो. गवतकुळातील वनस्पती जमिनीतून सिलिका शोषून घेतात. लाकूड जाळले तर त्याची राख एक टक्क्याच्या आत-बाहेर भरते. भाताच्या पेंढ्याची राख मात्र १० टक्क्यांच्या वर जाते आणि तिच्यात बहुतांश सिलिकाच असते. अल्कलीत ही सिलिका विरघळून काळ्या द्रावात येते. द्राव आटवू लागले की तो फार घट्ट होतो, आणि नळ्यांच्या आत सिलिकेचा टणक थर बसतो. पुढे चुन्याचे चक्रही बिघडते. रसायने परत मिळवण्याची यंत्रणा मुळातच महाग. तिच्यात ही भर पडली की लहान गिरणीला ती परवडेनाशी होते.

परिणाम काय झाला, हे आपल्या देशाने पाहिले आहे. १९७० च्या दशकात कागदाची टंचाई होती. तेव्हा शेतातील अवशेष वापरणाऱ्या लहान गिरण्यांना सवलती मिळाल्या आणि देशभर, विशेषतः उत्तर भारतात, अशा गिरण्या निघाल्या. त्यांपैकी अनेकांकडे रसायने परत मिळवण्याची सोय नव्हती. काळा द्राव नाल्यांत आणि तेथून नद्यांत गेला. २००३ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सनदेने अशा गिरण्यांपुढे दोन वाटा ठेवल्या : रसायने परत मिळवण्याची यंत्रणा बसवा, नाहीतर रद्दीकडे वळा. चीनमध्येही १९९६ साली ह्वाय नदीच्या खोऱ्यातील काडावर चालणाऱ्या असंख्य छोट्या कागद गिरण्या प्रदूषणामुळे बंद कराव्या लागल्या. या गिरण्यांनी एकही झाड तोडले नव्हते. नदी मात्र वाचली नाही.

‘टाकाऊ’ म्हणजे कोणाला टाकाऊ?

तिसरा आक्षेप ‘टाकाऊ’ या शब्दाला. भाताचा पेंढा कोकणातल्या शेतकऱ्याला टाकाऊ नसतो. तो गुरांचा चारा असतो. उसाची चिपाडे साखर कारखान्याला टाकाऊ नसतात. ती बॉयलरचे इंधन असतात, आणि आता कित्येक कारखाने त्यांवर वीज करून विकतात. (शेतात उरते ते पाचट वेगळे. प्रदर्शनात हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात.)

तामिळनाडूत करूरजवळ कागितपुरम येथे १९८४ साली चिपाडांवर चालणारी मोठी सरकारी गिरणी सुरू झाली. जगात अशा प्रकारच्या मोठ्या गिरण्यांत तिची गणना होते आणि ती यशस्वी ठरली. पण तिला चिपाडे फुकट मिळाली नाहीत. साखर कारखान्यांनी चिपाडे द्यावीत म्हणून त्यांना बदल्यात कोळशावर केलेली वाफ पुरवण्याची व्यवस्था करावी लागली. म्हणजे वाचलेल्या लाकडाच्या हिशेबात जळलेला कोळसाही धरायला हवा. तो धरूनही ही योजना फायद्याची ठरू शकते; पण ‘टाकाऊ’ म्हटल्यावर हिशेबाची गरजच वाटेनाशी होते.

याउलट पंजाब-हरियाणात भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांच्यामध्ये फार थोडे दिवस असतात. तेथे पेंढा शेतातच जाळला जातो आणि त्याचा धूर दूरवर पसरतो. तेथे पेंढ्याला कागदाची वाट मिळाली तर खरेच उपयोग आहे. पण गिरणी वर्षभर चालते आणि पेंढा दोन-तीन आठवड्यांत येतो. तो वजनाला हलका आणि जागेला मोठा. गोळा करणे, वाहून नेणे, पावसापासून आणि आगीपासून जपणे यालाच मोठा खर्च येतो. एकच पदार्थ एका ठिकाणी चारा, दुसऱ्या ठिकाणी इंधन आणि तिसऱ्या ठिकाणी नकोसा ओझ्यासारखा असतो, हे भूगोलाच्या शिक्षकांनीही या प्रयोगात येऊन सांगण्यासारखे आहे.

झाड न तोडताही वन जाते

आता १७ झाडांविषयी. रासायनिक पद्धतीने एक टन लगद्याला साधारण दोन ते सव्वादोन टन कोरडे लाकूड लागते. एका झाडात ५० किलो कोरडे लाकूड असेल तर चाळीसहून अधिक झाडे लागतील. ५०० किलो असेल तर चार-पाच पुरतील. तेव्हा कोणते झाड, किती वर्षांचे, हे सांगितल्याशिवाय १७ या आकड्याला अर्थ नाही. भारतात १९८८ च्या वननीतीने उद्योगांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांकडून मिळवावा अशी दिशा दिली. आज कागदासाठी लागणारे लाकूड मुख्यतः शेतात लावलेल्या सुबाभूळ, निलगिरी, सुरू यांचे असते. भाताप्रमाणे तेही एक पीकच आहे. त्याचेही पाण्याचे आणि जमिनीचे प्रश्न आहेत, पण ते ‘जंगल तोडले’ या वाक्यात बसत नाहीत. शिवाय देशातील कागदाचा सर्वांत मोठा वाटा, दोन-तृतीयांशाहून जास्त, रद्दीपासून होतो. तेव्हा वह्यांचे कोरे कागद जपणे आणि रद्दी स्वच्छ, वेगळी ठेवणे यांना आपण समजतो त्याहून जास्त महत्त्व आहे.

दुसरी बाजू बांबूची. बांबू हे गवत आहे, झाड नव्हे. भारतीय कागद उद्योग कित्येक दशके प्रामुख्याने बांबूवर उभा होता. आपल्या फलकाच्या भाषेत तो सगळा ‘झाडाविना कागद’च! पण १९७० च्या दशकात कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात बुरूडकाम करणाऱ्यांना बांबू मिळेनासा झाला. डॉ. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे अभ्यास केला. बेटाच्या बुंध्याशी असलेले काटेरी आवरण साफ केले की बांबू चांगला वाढतो, अशी वनखात्याची समजूत होती आणि तोड करताना ते साफ केले जाई. प्रत्यक्षात ते आवरण नव्या कोंबांचे संरक्षण करीत होते. ते गेल्यावर कोंब गुरे आणि रानटी प्राणी खाऊन टाकू लागले. गावच्या लोकांना हे माहीत होते. कागदात झाड होते की गवत, याने येथे काही फरक पडला नाही. किती, कसे आणि कोणाला विचारून कापले, याने पडला.

मग प्रयोग कसा करावा?

प्रयोग जरूर करावा. फक्त त्यात मोजमाप आणावे. काही सूचना देतो.

पहिली सुरक्षिततेची. कॉस्टिक सोडा मुलांच्या हाती देऊ नये. त्याने कातडी आणि डोळे भाजतात. धुण्याचा सोडा वापरावा; शिजायला जास्त वेळ लागतो, लगदा भरड होतो, पण प्रयोग साधतो. तोही उकळताना शिक्षकांनी जवळ थांबावे, डोळ्यांना चष्मा आणि हातांत मोजे असावेत.

दुसरी, सुरुवातीचे कोरडे वजन, लगद्याचे कोरडे वजन, सोडा, पाणी आणि लागलेला वेळ यांचा तक्ता करावा. वर्तमानपत्र मिसळायचे असेल तर बेलाशक मिसळावे, पण मोजून आणि लिहून : शून्य, पाव आणि निम्मे, असे तीन प्रकारचे कागद करावेत.

तिसरी, कागदाची ताकद मोजावी. दीड सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापून वरून चिमट्यात धरावी आणि खाली डबी टांगून तीत हळूहळू वाळू घालावी. पट्टी तुटली की डबी वाळूसह तोलावी. या वजनाला पट्टीच्या एक मीटर लांबीच्या वजनाने भागले की ‘तुटण्याची लांबी’ मिळते. म्हणजे किती लांब पट्टी स्वतःच्याच भाराने तुटेल ते. समजा, मीटरला १.२ ग्रॅम भरणारी पट्टी ३ किलोला तुटली, तर उत्तर २५०० मीटर येते. जाड आणि पातळ कागदांची तुलना या एका संख्येने करता येते. आठवी-नववीच्या मुलांना हे गणित सहज जमते.

चौथी, काळे पाणी ओतून देऊ नये. तोच प्रयोगाचा उत्तरार्ध आहे. त्यातले मोजून १०० मिलिलिटर आटवून उरलेला साका तोलावा. लिटमस कागदाने त्याची अल्कता पाहावी. थोड्या पाण्यात सौम्य आम्ल थेंबाथेंबाने घातल्यास तपकिरी गाळ धरू लागतो; त्यात विरघळलेले लिग्निन असते.

पाचवी, १० ग्रॅम वाळका पेंढा आणि १० ग्रॅम लाकडाचा भुसा मोकळ्या जागी, शिक्षकांच्या देखरेखीखाली, पत्र्याच्या वेगवेगळ्या डब्यांत पूर्ण जाळून राख शेजारी शेजारी ठेवावी. तराजू साधा असला तरी फरक डोळ्यांना दिसतो. सिलिकेवरचे माझे लिखाण त्या दोन ढिगांपुढे फिके आहे.

परीक्षकांनाही, म्हणजे मलाही, एक सूचना लागू आहे. कागद किती गुळगुळीत झाला यावर गुण देणे आपण थांबवले पाहिजे. ज्या गटाचा कागद फाटला आणि ज्याने तो का फाटला याची वहीत नोंद केली, त्या गटाला गुळगुळीत कागदवाल्यांपेक्षा वरचे स्थान मिळायला हवे. तसे झाले नाही, तर मुले वर्तमानपत्र मिसळून गप्प राहायला शिकतात, आणि ते आपणच त्यांना शिकवलेले असते.

त्या दिवशी मी त्या गटाला ‘र’चा तुकडा भिंगातून दाखवला आणि नुसत्या केळीचा फाटलेला कागद आहे का, असे विचारले. एका मुलीने तो टेबलाखालच्या पिशवीतून काढला. लाज वाटून तिने तो लपवून ठेवला होता. आम्ही दोन्ही तुकडे भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवून पाहिले, आणि पुढची वीस मिनिटे त्या टेबलापाशी कोणी पाठ केलेले एकही वाक्य बोलले नाही.